कमी व्होल्टेजची फ्रेंच

आमच्या समोरच्या काकू फार संथ फ्रेंच बोलत. काका उत्तरेत बख्शी का तालाबच्या तळावर हवाई दलात होते. जवळच्याच विकास नगरच्या घरी काकू ग्रामोफोनवर फ्रेंच धड्यांची तबकडी लावून क्रियापदं शिकत. मटार सोलताना एकेका दाण्याला शब्दाचा एकेक तुकडा पडे: “नू, पार, लों. वू, पार, ले.” तोंडी परीक्षा पास झाल्या तर शाळेत शिकवायची नोकरी मिळणार होती, आयुष्यातली पहिली.

मी तेव्हा चळवळीची पत्रकं लिहायचो. “काकू, फ्रेंच शब्दांची शेवटची अक्षरं लिहायची, पण त्यांना बोलू द्यायचं नाही? ही दडपशाही आहे!”

“अच्छा? मग काढ पत्रक. आधी मटार सोल.”

परीक्षेच्या आठवड्यात काकांनी स्टॅबिलायझर आणला. तोवर व्होल्टेज इतकं कमी असे की तबकडी रेंगाळत फिरायची. आता ती नीट फिरली आणि आतली बाई भराभर बोलू लागली. तुकडे ऐकूच येईनात. काकूंनी वर्षभर ज्या भारदस्त आवाजाचं बोट धरलं होतं, तो एका तरुण मुलीचा निघाला.

“बंद करू?” मी विचारलं.

त्या नको म्हणाल्या. तबकडीच्या कडेवर त्यांनी एक बोट अलगद टेकवलं. आवाज जाड झाला, ओळखीचा झाला. डोळे मिटून त्यांनी तो थोडा वेळ ऐकला. मग स्वतःच बोट उचललं. मुलगी पुन्हा धावत सुटली आणि काकू पुढे झुकून हळूच म्हणाल्या, “थांब गं बाई, येतेय मी.”