पंपाच्या हाताने आवळलेला लॅपटॉप

आमचे हे पाण्याच्या पंपांचे फिटर. उभा जन्म नटबोल्ट आवळण्यात गेला. यांनी बसवलेला पंप कधी गळला नाही, आणि यांनी झाकण लावलेली बरणी घरात कुणाला उघडता आली नाही. निवृत्त झाले, पण हात स्वस्थ बसतील तर शपथ!

सूनबाईची नोकरीसाठी परीक्षा होती, घरूनच, लॅपटॉपवर. मूल झाल्यापासून पोर घरीच होती, त्यामुळे या परीक्षेवर तिचा सगळा जीव. लॅपटॉप मात्र तापायचा, पंखा घरघरायचा. ऐन परीक्षेत बंद पडायला नको, म्हणून ती मुलाला शाळेत सोडायला गेल्यावर यांनी तो उघडला. पंखा पुसला, त्याच्या जोडीची तांब्याची पट्टी काढून तिथली उष्णता ओढून घेणारी नवी पेस्ट लावली, सगळं परत बसवलं. बटण दाबलं तर दिवा लागला आणि विझला. बॅटरीची वायर पाहिली, मेमरी काढून घातली. सगळं जागच्या जागी, तरी चालू होईना.

मग झाकण लावून हे पेपर तोंडापुढे धरून बसले. काय झालं विचारलं तर म्हणे, काही नाही. यांचं 'काही नाही' म्हणजे पाणी नक्की कुठंतरी मुरतंय. पण मी मेली भाजी निवडत बसले.

परीक्षेच्या तोंडावर सूनबाईने बटण दाबलं आणि तिचा चेहराच उतरला. काल तिच्या हातून टेबलावर चहा सांडला होता, तोच आत गेला असणार, असं तिच्या मनाने घेतलं. स्वतःला बोल लावत रडायला लागली. हे एवढंच म्हणाले, "दे, बघतो."

पुन्हा उघडला. शेवटी त्या पट्टीचे स्क्रू अर्धा अर्धा फेरा सैल केले. पंपासारखे आवळले होते, खालच्या नाजूक बोर्डावर दाब येत होता. लॅपटॉप चालू झाला, पण तोवर परीक्षेची वेळ टळली होती. सूनबाईने परीक्षा घेणाऱ्यांना फोन करून आपल्याच हातून चहा सांडला म्हणून सांगितलं. तिकडून पुन्हा संधी मिळणार नाही म्हणाले.

फोन ठेवून ती यांना म्हणाली, "तुम्ही होतात म्हणून लॅपटॉप तरी वाचला, बाबा."

यांनी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "चहाने नाही गं. सकाळी मीच उघडला होता. तेव्हाच बंद पडला."

तिने लॅपटॉप मिटला. चिडली असती तर बरं झालं असतं.

"सकाळीच सांगितलं असतंत ना बाबा," ती म्हणाली, "तर मी शेजारून मागून आणला असता."

आणि ती मुलाला आणायला निघून गेली.