गणपतभाऊंनी साहेबाला विचारलं ते

तीन आठवड्यांपूर्वी मळवलीहून सकाळच्या गाडीने उस्मान मुकादमांचे जावई वडगावला आले आणि कोर्टाच्या आवारात मला बाजूला घेऊन म्हणाले, "गणपतभाऊ गेले. काल सांजच्याला." मला पुढच्याच घटकेला एका जामिनाच्या अर्जावर बोलायचं होतं. बोललो. काय बोललो ते आठवत नाही. जामीन मिळाला एवढं आठवतं.

गणपतभाऊ रेल्वेत रुळांची देखभाल करणारे गँगमन होते. शाळेत ते गेलेच नव्हते, अंगठाच उठवायचे. तरीही फौजदारी कायद्यातलं जे मी पुस्तकात वाचून पुरतं समजलो नव्हतो, ते त्यांनी मला समजावलं.

दुसऱ्या महायुद्धाच्या दहा-अकरा वर्षं आधीची गोष्ट. वडगावात वकिली सुरू करून मला दीड वर्षही झालं नव्हतं. हिवाळ्यात एका दुपारी मळवली स्टेशनाजवळच्या एका ठेकेदाराच्या गवताच्या गंज्या पेटल्या आणि तिथला म्हातारा राखणदार त्या आगीत होरपळून मेला. त्याच्या चार दिवस आधी ठेकेदाराच्या गाड्यांनी गणपतभाऊंच्या भातखाचराचा बांध फोडला होता आणि भाऊ दहा माणसांदेखत म्हणाले होते, "तुझी गंजी पेटली म्हंजी कळंल नुकसान कशाला म्हंत्यात." एवढं पुरेसं होतं. त्याच संध्याकाळी पोलीस त्यांना चौकीवर घेऊन गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांची बायको चंद्राबाई माझ्या ओट्यावर येऊन बसली. मळवलीपासून चालत आली होती. "वकीलसाहेब, डबा घेतात, पर मानूस दावत न्हाईत," ती म्हणाली. मी चौकीवर गेलो. अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं, असं मी जरा मोठ्या आवाजातच सांगितलं. जमादार शांतपणे म्हणाला, "अटक कुठं केलीय? चौकशीला बोलावलंय." आतल्या खोलीचं दार बंद होतं. त्या दाराआड भाऊ होते की नव्हते, हेही मला कळेना. परत आलो आणि मॅजिस्ट्रेटसाहेबांकडे अर्ज लिहिला.

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी त्यांना हजर केलं, पण सोबत कागद होता. आरोपीला स्वखुशीने कबुलीजबाब द्यायचा आहे. मी भाऊंना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. डोळे लाल, पाय सुजलेले, मान खाली. पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात चालत नाही, पण मॅजिस्ट्रेटपुढे दिलेली चालते, आणि अशा गुन्ह्यात ती फाशीपर्यंत नेऊ शकते. साहेबांनी त्यांना विचार करायला एक दिवस तालुक्याच्या कोठडीत ठेवलं. मी भेटीची परवानगी मागितली, ती मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता त्यांना आत नेलं. साहेबांनी पोलिसांना बाहेर काढलं, मलाही बाहेरच ठेवलं. व्हरांड्यात एका बाजूला जमादार, दुसऱ्या बाजूला मी आणि चंद्राबाई. ती एकदाच बोलली, "त्यो घाबरला म्हंजी व्हय म्हनतो. लगनात बी असाच व्हय म्हनला." मी हसू शकलो नाही. वकील असून मी त्या दारापलीकडे एक शब्द पोचवू शकत नव्हतो…

आत काय झालं ते नंतर मी कागदावर वाचलं आणि भाऊंच्या तोंडूनही ऐकलं. साहेब म्हणाले, "मी मॅजिस्ट्रेट आहे, पोलीस नाही. तू काही सांगितलंच पाहिजेस असं नाही. सांगितलंस तर ते तुझ्याविरुद्ध वापरलं जाईल." भाऊंनी विचारलं, "साहेब, न्हाई सांगितलं तर मला परत तितंच धाडनार का?"

कायदा सगळा या एका प्रश्नावर येऊन टेकला होता. चौकीत त्यांना रात्रंदिवस उभं ठेवलं होतं, बायकोलाही इथेच आणू म्हणून सांगितलं होतं. साहेबांनी लेखणी खाली ठेवली आणि उत्तर दिलं, "नाही. तुला तुरुंगात ठेवीन. त्यांच्या ताब्यात देणार नाही." भाऊ म्हणाले, "मग मला काय बी सांगायचं न्हाई."

खटला तरीही पुण्याच्या सेशन कोर्टात गेला. अडीच महिने ते येरवड्यात होते. आगीच्या दिवशी त्यांची गँग कामशेतच्या बाजूला रुळांखालचे स्लीपर बदलत होती आणि हजेरीपुस्तक गँगचे मुकादम उस्मान यांच्याकडे होतं. नोकरी जाईल या भीतीने मुकादम आधी येईनात. एका रविवारी ते आपणहून आले, म्हणाले, "माज्यानं जेवन जाईना झालंय," आणि साक्षीला उभे राहिले. सरकारी वकिलांनी त्यांना विचारलं, "जेवणाच्या सुटीत हा कुठे होता?" मुकादम खरं बोलले. "ते मी बघितलं न्हाई."

तिथून गंजीपर्यंतचं अंतर मी स्वतः रुळांच्या कडेने चालून पाहिलं होतं. पळत गेलं तर तासाभरात जाऊन येता येत होतं… न्यायाधीशांनी संशयाचा फायदा आरोपीला दिला. भाऊ सुटले. पण तोच संशय माझ्या मनात एका कोपऱ्यात राहिला, आणि पुढे कित्येक वर्षं त्यांच्या घरच्या तांदळाचा भात जेवतानाही तो हलला नाही.

रेल्वेने त्यांना परत घेतलं नाही. ते शेती करू लागले आणि दुसरं एक काम त्यांनी न सांगता अंगावर घेतलं. मावळात कुणाला पोलिसांनी नेलं की घरचे आधी भाऊंकडे जात. भाऊ त्यांना घेऊन चौकीवर जात, कुणाला कधी नेलं ते वेळेसकट ध्यानात ठेवत आणि मला येऊन सांगत. चौकीच्या पायरीवर त्यांचे हात कापत. एकदा मी म्हणालो, "भाऊ, एवढी भीती वाटते तर येता कशाला?" ते म्हणाले, "आतल्याला याच्याहून लय वाटतीया."

शेवटची भेट त्यांच्या पडवीत झाली. धाप लागत होती. चंद्राबाई काढा आणायला आत गेली तसे ते म्हणाले, "वकीलसाहेब, तुमी मला कधी इचारलं न्हाई."

"काय?"

"गंजी म्या पेटवली का म्हून."

मी म्हणालो, वकिलाला ते विचारायची गरज नसते, गुन्हा सिद्ध करणं सरकारचं काम.

"कायद्याला नसंल गरज. तुमाला हुती. मला दिसत हुतं."

माझी मान खाली गेली. त्या वयात, त्या पडवीत, मी अखेर विचारलं. ते म्हणाले, "न्हाई. त्या दिसी म्या पुलाखाली झोपलो हुतो. बघायला कुनी नव्हतं." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "इचारलंत, बरं केलंत." माझा विश्वास बसला. पण सगळ्या वर्षांत तो मी त्यांना देऊ शकलो नव्हतो, आणि ते मात्र मला दर हंगामाला तांदूळ पाठवत राहिले…

कोर्टाच्या व्हरांड्यात एक खांब आहे. कोठडीतून आरोपी आणतात ते तिथूनच वळतात. दर मंगळवारी भाऊ त्या खांबाशी उभे असत, ओळखीचं कुणी असो वा नसो. आत जाण्याआधी माणसाला पोलिसाखेरीज एक तोंड दिसावं, एवढ्यासाठी. गेल्या मंगळवारी दोघांना आणलं. पुढचा माणूस वळणावर थबकला आणि त्याने इकडेतिकडे पाहिलं. माझ्या हातात दुसऱ्याच खटल्याचे कागद होते. ते मी कारकुनाकडे दिले आणि खांबाशी जाऊन उभा राहिलो. किती वेळ उभं राहायचं असतं, ते मी भाऊंना कधी विचारलं नव्हतं.