गुरुजींनी बुजवलेला पाया

माझ्यावर ज्यांचे सर्वांत जास्त उपकार आहेत ते औरादच्या शाळेतले माझे गणिताचे गुरुजी. आणि त्यांच्याइतका हट्टी माणूस अख्ख्या बिदर जिल्ह्यात दुसरा झाला नाही. हे मी एकदा त्यांच्या तोंडावर म्हणालो, तेव्हा त्यांनी थोडा विचार करून, "तू भालकी तालुका पाह्यला न्हाईस अजून," एवढीच हरकत घेतली. आमच्या घरातला पदवी घेतलेला पहिला माणूस मी. मॅट्रिक झाल्यावर वडिलांनी मला आडतीच्या दुकानात लावायचं ठरवलं होतं. गुरुजी मला घेऊन थेट बिदरच्या कॉलेजात गेले आणि कारकुनाने नाव लिहून घेईपर्यंत त्याच्या टेबलासमोरून हलले नाहीत. कारकून जेवायला गेला, जेवून आला, गुरुजी तिथेच उभे होते.

पुढे मी मस्कतला एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर झालो. वडील गेले, आई भाड्याच्या एका खोलीत राहत होती, आणि दिवसभर दुसऱ्यांच्या घरांसाठी सिमेंट मोजून देताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत असे: आईला तिच्या हयातीत स्वतःच्या घरात बसवायचं. सुट्टीत येऊन मी डांबरी रस्त्याला लागून जागा घेतली. बिदरच्या एसटीतून उतरणाऱ्या प्रत्येकाला आमचं घर दिसलं पाहिजे, ही माझी हौस. बांधून घ्यायचं काम निवृत्त झालेल्या गुरुजींवर सोपवलं आणि मदतीला चुलतभाऊ दिला.

गुरुजींनी बांधकामाची शाळा केली. सकाळी गवंडी-मजुरांची हजेरी. उशिरा येणाऱ्याला काम होतं, पण आधी पाढा म्हणावा लागे. एक गवंडी एकोणतिसाला अडला तो तिसऱ्या दिवशी सुटला. गवंड्याशी ते कानडीत बोलत, सुताराशी दखनीत आणि दगड नीट बसला नाही तर दगडाशी मराठीत. माझी पत्रं ते लाल शाईने तपासून परत पाठवत. विटांबद्दलच्या एका पत्राला दहापैकी सहा गुण मिळाले होते. शिवाय, अक्षर दिसेल तो कागद वाचायचा, अशी त्यांची खोड. किराणा सामानाची पुडी सोडली की आधी कागद वाचायचे, मग साखर डब्यात. गावात हसत. मीही हसायचो.

पाया भरून झाला आणि याच खोडीने घात केला. आमच्या खरेदीखताला निजामाच्या वेळचा एक उर्दू कागद टाचलेला होता. नवं खत कानडीत, म्हणून जुन्याकडे कोणी पाहिलं नव्हतं. गुरुजींचं शिक्षण उर्दूतलं. त्यांनी तो वाचला. आमच्या जागेच्या पूर्वेला गाडीवाट आहे, असं त्यात होतं. विकणारा, मी, चुलतभाऊ, सगळ्यांनी गाडीवाट म्हणजे आजचा डांबरी रस्ता असं धरलं होतं. पण लहानपणी गुरुजी त्याच गाडीवाटेने शाळेत जात. ती रस्त्यापासून चांगली चाळीस पावलं आत होती, आणि कधीच नांगरली गेली होती. म्हणजे आमची जागा त्या जुन्या वाटेपाशीच संपत होती, आणि आमचा पाया वाट आणि रस्ता यांच्यामधल्या, शेजारच्या अक्काच्या जागेत पडला होता. अक्का एकटी, नवरा वारलेला. तिला याची काही कल्पना नव्हती.

मस्कतला मला दोन पत्रं एकाच दिवशी मिळाली. गुरुजींच्या पत्रात तीन ओळी होत्या: चूक झाली आहे, पाया बुजवून मागे नवा खणतो आहे, तुझी परवानगी मागत नाही, कळवतो आहे. चुलतभावाचं पत्र चार पानांचं होतं. त्याने लिहिलं होतं, "म्या गुरुजीला म्हणलं, कामून बुजवायलात? अक्काला बी म्हाईत न्हाई जागा तिची हाय म्हणून. तर म्हणले, मला म्हाईत हाय की. आता काय बोलावं दादा? आई रोज रडायलीय. तुमी नुसतं लिहून द्या, गुरुजीला घरी बसवतो, त्याच पायावर संक्रांतीआधी छत टाकतो."

आई रडते आहे, हे वाक्य मी किती वेळा वाचलं ते मला सांगता येणार नाही.

घर झालं, वर्षभर उशिरा. आई त्यात अकरा वर्षं राहिली आणि पहिली दोन वर्षं गुरुजींशी बोलली नाही. ते मात्र रोज संध्याकाळी येत, भिंतीवरून हात फिरवत आणि चहा न मिळता परत जात. आता दोघंही नाहीत. गुरुजींच्या मुलीने त्यांच्या ट्रंकेतले कागद आवरताना माझं त्या वेळचं पत्र मला आणून दिलं. ते असं:

"ती. गुरुजी यांस सा. न. वि. वि.

पाया बुजवलात ते बरं केलंत. माती चांगली चोपून घ्या, उद्या अक्काने तिथे काही बांधलं तर तिची भिंत खचायला नको. घर रस्त्यावरून दिसलं नाही तरी चालेल. आई तुम्हाला बोलेल, सोसून घ्या. चुलतभावाला काढू नका. दुपारच्या उन्हात उभे राहू नका.

हे पत्र उशिरा पोचेल, कारण आधी दोन दिवस मी चुलतभावाला हवं होतं ते लिहीत बसलो होतो. लिहून, सही करून, पाकीट बंद केलं होतं. मग फाडलं. तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळणार नाही, पण मला माहीत आहे, म्हणून कळवतो आहे."