चुकांच्या वहीतली सही

"मेंढरं मोजणाऱ्याच्या घरातली पोर कॉम्प्युटरपुढे बसवली, चूक माझीच," सर म्हणाले. "अगं, ही माणसांची यादी आहे. कळप नाही."

समोर इंदापूरकडचे सात-आठ द्राक्ष बागायतदार उभे होते. कुणीतरी हसलं. मी की-बोर्डकडे बघत राहिले.

बारामतीत एसटी स्टँडजवळ, जिन्यावरचं ते छोटं ऑफिस. नव्वदीचं दशक सरत आलेलं. मी रोज कळसहून एसटीने यायचे. आमच्या घरी आजोबांपर्यंत मेंढरं होती, मग शेती आली. प्रोग्रॅम लिहिणारी घरातली मीच पहिली. शीतगृहात कुणाचा माल आधी घ्यायचा, त्या पाळीची यादी आमचा प्रोग्रॅम काढायचा. सी प्लस प्लसमध्ये प्रत्येक बागायतदार म्हणजे एक ऑब्जेक्ट. त्यात नाव, नोंदीची तारीख, नोंदीचा नंबर. तारखेप्रमाणे क्रम लावायचा, एवढंच काम.

ते एवढंच काम बिघडत होतं.

"सकाळी माझं नाव वर व्हतं, दुपारी खाली गेलं," त्यांच्यातले भगवानतात्या म्हणाले. "द्राक्षं काय यादी बघून थांबत्यात व्हय?"

तात्यांचं खरं होतं. त्यांचे क्रेट उन्हात होते.

ऑफिसात एक चुकांची वही असायची. प्रोग्रॅम बिघडला की सर चूक सांगायचे, मी लिहायची आणि खाली सही करायची. दीड वर्षात ती वही माझ्याच सहीने भरत आली होती. क्रम लावायचं फंक्शन, प्रोग्रॅमचा तेवढा तुकडा, लिहिलं होतं सरांच्या भाच्याने. पुण्याला शिकून आलेला. वहीत त्याची सही एकदाही नाही. मी का करत होते? नोकरी हवी होती. आणि खरं सांगते, मलाही वाटायचं, चूक माझीच असणार. आज तेच जास्त झोंबतं.

"संध्याकाळपर्यंत शोध आणि वहीत लिही," सर म्हणाले.

मी बसले. डोळे चुरचुरत होते. यादी कापत कापत दोन नावांवर आणली. भगवानतात्या आणि त्यांचे बांधाशेजारी. दोघांची तारीख एकच. फंक्शनला विचारलं, पुढे कोण? म्हणालं, शेजारी. नावं उलटी करून विचारलं. म्हणालं, तात्या. भाच्याने लिहिलं होतं, तारीख आधीची असेल तर पुढे, नाहीतर मागे. तारीख सारखीच असेल तर काय, ते लिहिलंच नव्हतं. म्हणून यादीत नवं नाव चढलं की एकाच तारखेची माणसं खालीवर व्हायची.

मला आजोबा आठवले. भावाभावांत मेंढरांची वाटणी करताना ते एकाला आधी जोड्या लावायला सांगत. सारख्याला सारखं. जोडी लावणाऱ्याने आधी उचलायचं नाही. एकदा जोड्या लावून थोरले चुलते अडून बसले, थोरला म्हणून माझी निवड पहिली. आजोबा म्हणाले, "सारखी हायती तर सारखी म्हण की. जीभ का रेटंना तुझी?"

मी फंक्शनमध्ये तेच घातलं. आधी दोन तारखा सारख्या आहेत का ते बघ. असतील तर नोंदीचा नंबर बघ, ज्याचा लहान तो पुढे. नवी नावं चढवून दहा वेळा यादी काढली. एकही नाव हललं नाही. मेंढरं मोजणाऱ्यांच्या घरातली अक्कल कामाला आली होती.

सरांनी यादी पाहिली. बरं म्हणाले नाहीत. वही पुढे सरकवली.

"लिही. क्रम लावण्यात माझ्याकडून चूक झाली."

"सर, ते फंक्शन मी लिहिलेलं नाही."

"मग काय झालं? सही नेहमी तूच करतेस ना?"

भाचा खिडकीबाहेर बघत होता. त्या 'नेहमी'ने माझ्या आत काहीतरी तुटलं. रडू आलं नाही. इतकी दमले होते की भीतीही उरली नव्हती. मी वहीत भाच्याचं नाव लिहिलं. पुढे लिहिलं, चूक यांची, शोधली मी, दुरुस्त मी केली. वही त्याच्यापुढे ठेवली.

"इथं तुमची सही."

त्याने पेन धरलं नाही. सर म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस."

गेले नाही. पुढे बरीच ऑफिसं झाली. अशी वही सगळीकडे असते, कुठे कागदाची, कुठे नुसती तोंडी. दर ठिकाणी नव्याने भांडून मी थकले आहे. तरी माझी चूक असेल तर वही आणा, आत्ता सही करते. तुमची असेल तर पेन तुमच्या हातात.