सुई टोचताना भांडणारी वहिनी

आमच्या वहिनीसारखी भांडखोर बाई अख्ख्या अनसिंगात नसेल. आणि तिचं सगळ्यात कडाक्याचं भांडण व्हायचं ते वाशीमला, चामडीच्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीत, माझ्या डोक्यात सुई शिरत असताना.

मला चाई पडली होती. आधी कानामागे रुपयाएवढी, मग टाळूवर, मग थेट डाव्या भुवईत. कांदा चोळून झाला, लसूण चोळून झाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दर महिन्याला स्टेरॉइडची इंजेक्शनं घ्यावी लागतील, केस गेलेल्या जागेवरच. मध्येच सोडलंत तर मी काही करू शकणार नाही." बधिर करायचं मलम, वर बर्फ, सुईही अगदी बारीक, सगळं करायच्या बिचाऱ्या. तरी औषध आत जाताना कातडी अशी ताणायची की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे! पहिल्याच खेपेला मी अर्ध्यातून उठून पळाले. घरी येऊन जाहीर केलं, टकली झाले तरी चालेल, पण आता जाणार नाही.

"टकली होऊन घरातच बसशीन ना? मंग तुहं तोंड मलेच पाहा लागन," वहिनी म्हणाली आणि पुढच्या महिन्यात तिने मला ओढतच एसटीत बसवलं.

मी खुर्चीत बसले. वहिनी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. डॉक्टरीणबाईंनी सुई उचलली तशी ही सुरू झाली. "काय वं, काल वरणाले फोडणी देल्ली का जाळली? माणसं जेवून राह्यले का राख खाऊन राह्यले?" मी चक्रावलेच. "आन् न्हाणीत गेली का निंघाचं नाव नाई. केस मूठभर, त्याले बादल्यावर बादल्या पाणी!" परक्या बाईसमोर? माझं टाळकंच सटकलं. तिच्या आंबलेल्या कढीपासून घोरण्यापर्यंत मी सगळं बाहेर काढलं. "डोकं हलवू नका हो!" डॉक्टरीणबाई ओरडल्या आणि जरा वेळाने म्हणाल्या, "उठा, झालं." सुया कधी संपल्या ते मला कळलंच नव्हतं.

मग दर महिन्याला हेच. बाहेर बाकावरचे पेशंट कान देऊन ऐकायचे. खोलीबाहेर पाऊल टाकलं की भांडण खलास. "चाल, भजे खाऊ," म्हणायची आणि पुढे चालू लागायची.

भुवई मात्र डॉक्टरीणबाईंनी मागे ठेवली होती. मी स्थिर बसायला शिकल्यावर तिच्याकडे वळल्या. वहिनीला बजावलं, "आज एक शब्द नको. डोळा जवळ आहे. हिच्या कपाळाला आठी पडली तरी सुई सरकेल."  उठायला गेले तर वहिनीने येऊन माझा हात दोन्ही हातांनी धरला, इतका घट्ट की तिच्या बांगड्या रुतल्या. सुई शिरली. मी श्वाससुद्धा घेईना. कोणी बोलेना. पंखा तेवढा करकरत होता. पुन्हा सुई, पुन्हा. वहिनीचे हात थरथरत होते. मनात म्हटलं, सुई मला टोचतेय, ही मेली का थरथरतेय?

आटोपल्यावर बघते तर वहिनी मटकन खाली बसलेली, ओठ पांढरेफटक. डॉक्टरीणबाईंनी मला सोडून आधी तिलाच पाणी पाजलं.

बाहेर बाकावर तिने कबूल केलं. "सुई पाह्यली का माह्या पायातलं बळच जाते. लहानपणापासून. भांडाले लागली का मंग भेव वाटत नाई."

"म्हणजे तू माझ्यासाठी भांडत नव्हतीस?"

"तुह्यासाठी भांडाले तू कोण लागून गेली वं?"

मला हसूही आवरेना आणि रडूही. म्हटलं, "पुढच्या महिन्यात तू येऊ नको. मी जाईन एकटी."

"मंग भांडशीन कोणासंग?" ती म्हणाली. आणि आली. भुवई भरून येईपर्यंत येत राहिली.

पुढे दादाला पुण्याच्या कंपनीत काम लागलं, दोघंही तिकडे गेली. यंदा मला पुन्हा चाई पडली. वहिनीला कळवलं नाही, एकटीच गेले. डॉक्टरीणबाईंनी मलम नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवलं, बर्फ धरला, थांबत थांबत, अगदी हळू टोचलं. खोलीत चिडीचूप.

"आता कमी दुखतं ना?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणाले. खोटं बोलले. एवढं कधीच दुखलं नव्हतं.