सिस्टरांच्या गाडीतले दिवे

"थांबा भाऊ, आधी मले भिऊ द्या."

कुठलंही अवघड काम समोर आलं की सिस्टर हे म्हणायच्या. डोळे मिटायच्या, छातीवर हात ठेवायच्या, मिनिटभर मनसोक्त भ्यायच्या आणि मग कामाला लागायच्या. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. इथे ब्रह्मराक्षस पुढे पळायचा आणि सिस्टर त्याच्या मागे.

मानोरा गावाच्या पुढे, बंजाऱ्यांच्या तांड्यांच्या मधोमध आमचं आरोग्य केंद्र. त्या तिथल्या नर्स, मी औषधं देणारा. दोघंही शेलूबाजारचे, म्हणून त्यांच्या जुन्या गाडीतून रोज जोडीनं जायचो-यायचो. गाडी त्या चालवायच्या. मलाही येते, पण समोर ट्रक दिसला की माझे तळवे घामेजतात. आता त्यांच्या जागी दुसऱ्या सिस्टर आल्या आहेत. त्या कशालाच भीत नाहीत, त्यामुळे मला त्यांचीच भीती वाटते.

आमच्या सिस्टर पालीला भ्यायच्या, विजेला भ्यायच्या, जिल्ह्याहून येणाऱ्या साहेबांना भ्यायच्या. पोहरादेवीच्या यात्रेत एकदा गर्दीत अडकलेल्या जीपमध्येच एका बाईचे दिवस भरले. तिची सासू किंचाळत होती, "अवं सिस्टर, पाह्यता काय, करा ना काई!"

"करते माय. आधी भिऊ तं द्या."

मी जीपभोवती लुगडं धरून उभा होतो आणि ते माझ्या हातात लटलट कापत होतं. आतून सिस्टरांचा आवाज मात्र सरळ येत होता. थोड्या वेळानं बाळ रडलं. त्यानंतर तांड्यांवरच्या बाया दिवेलागणीला कळा सुरू झाल्या की दुसऱ्या कुणाला फोन करीनाशा झाल्या. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांची गाडी दारात थांबली की घरातला निम्मा घोर जातो.

गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी परतताना त्या म्हणाल्या, "भाऊ, हे बटनं काहून दिसत नाइत? बल्ब गेले वाटते."

मी वाकून पाहिलं. काच पुसायचं, एसीचं, चारही दिवे उघडझाप करायचं, सगळी बटणं लागलेली होती. पिवळट, थकलेली, पण लागलेली. मी तसं सांगितलं.  त्याच आठवड्यात डाव्या अंगानं येणारी बैलगाडी त्यांना दिसलीच नाही. मी ओरडलो तेव्हा ब्रेक लागला. बैलाचं शिंग माझ्या खिडकीला घासून गेलं. 

चार दिवसांनी त्यांनी पिशवीतून एलईडीची पुडी काढली. तांदळाएवढे दिवे. म्हणाल्या, बटणांतले बल्ब आपणच बदलायचे.

"मेकॅनिककडे काहून नाइ नेत?"

"तो म्हनन, बल्ब चांगलेच हायेत. ते मले त्याच्या तोंडून नाइ ऐकाचं."

तेव्हा मला खरं भय वाटलं. त्यांना बल्ब बदलायचे नव्हतेच. बल्ब खराब की डोळे, एवढंच त्यांना स्वतःच्या हातानं पाहायचं होतं.

दुपारी रुग्ण आटोपल्यावर निंबाखाली गाडी उभी केली. मोबाइलवर पाहून त्यांनी सगळं पाठ केलं होतं. पुढची फुगणारी पिशवी, ती एअरबॅग, तोंडावर फुटू नये म्हणून बॅटरीची वायर सोडली आणि शास्त्रापुरतं दूर जाऊन भिऊनही घेतलं. मग जीभ दाबून घसा पाहायच्या लाकडी पट्ट्या फटीत सारून त्यांनी बटणांची चौकट अलगद उचकली. ओरखडा नाही की तडा नाही. बाळंतपणात नाळ धरायच्या चिमट्यानं एकेक बल्ब ओढून काढला आणि त्याच्या जागी नवा दिवा बसवला. स्क्रू इंजेक्शनच्या ट्रेमध्ये.

"माई माय रोज कंदिलाची काच पुसे," काम करता करता त्या म्हणाल्या. "राखेनं घासे, पदरानं घासे. म्हने, काजळीच जात नाइ. काच लख्ख राहे भाऊ. आमाले समजे. तिले सांगाले भेव लागे."

मी ट्रे धरून होतो. 

वायर जोडून पाहिली तर दोन दिवे लागले नाहीत. मला केवढं बरं वाटलं म्हणून सांगू! वाटलं, गाडीतच बिघाड आहे, सुटलो. पण सिस्टर एकेका बटणाजवळ तोंड नेऊन म्हणाल्या, "उलटे बसले. याले उलटंसुलटं असते." त्यांनी ते फिरवून बसवले आणि तेही लागले. चौकट पुन्हा चपखल बसली.

आता अंधार हवा होता. खाटांवरच्या चादरी आणून मी गाडीच्या सगळ्या काचा झाकल्या. त्या स्टिअरिंगपाशी बसल्या, मी शेजारी. दार लावलं. आत काळोख झाला. त्यांनी चावी फिरवली, दिव्यांचा खटका ओढला.

माझे डोळे दिपले. पांढरीशुभ्र रांग होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. माझे स्वतःचे गुडघे मला दिसत होते.

"एकच लागला काय भाऊ?"

मी दिवे पुन्हा मोजले.

त्यांनी मान जराशी वळवली. "हं, आता हा लागला. पयला इझला काय?"

पुन्हा थोडी वळवली. "आता हा."

 मग मान हळूहळू या टोकाकडून त्या टोकाकडे गेली आणि परत आली. एकही दिवा विझला नव्हता. नजर ज्याच्यावर जाईल, तेवढाच त्यांना दिसत होता.

"सगळे लागले हायेत ना?" त्यांनी विचारलं.

"हो सिस्टर. सगळे."

"पक्कं?"

"पक्कं."

त्यांनी चावी फिरवून बंद केली, काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"इकडं बसा तुमी," त्या म्हणाल्या.

मी उतरून चादरी काढल्या. बाहेर टळटळीत ऊन होतं, निंबाचं पान नि पान दिसत होतं. सिस्टर उतरल्या आणि बोनेटवर हात टेकून, पत्रा चाचपत, एकेक पाऊल टाकत डाव्या दाराकडे गेल्या.