हापशाचं म्हणून दिलेलं पाणी

ही गोष्ट माझ्या बायकोला कधी कळली नाही, लेकीला अजून ठाऊक नाही, आणि देवापुढंही मी ती तोंडातून काढली नाही. चौथी शिकलेला माणूस मी, लिहायचा सराव नाही. तरी सरळ सांगायचं ठरवलंय — बघू किती जमतं.

आधी सुंदराबद्दल सांगू द्या. पळवाट काढतोय का मी? असेल. पण तिला वगळलं तर सांगण्यासारखं काही उरतच नाही.

ती वैरागची. मी सोलापुरात टॉवेलच्या सुताला रंग देणारा, रंगारी. कोपरापर्यंत हात निळे. साबण, राख, लिंबू — कशालाच दाद द्यायचे नाहीत. लग्नात हळद लावली, तर निळ्यावर पिवळं बसून हात हिरवेगार! तिच्या बहिणी ओरडल्या, "सुंदरे, नवरा न्हाय गं, पोपट हाय की!" मी लाजेनं खाली बघत बसलो. ती हळूच म्हणाली, "असू द्या. गर्दीत हरवला तर लगीच सापडंल." अशी होती. तिच्याइतकं हसवणारं माणूस मला परत भेटलं नाही.

आमचा कारखाना वस्तीच्या पाठीमागं होता. माल सगळा परदेशात जायचा. तिकडची माणसं लई कडक. ओला टॉवेल पांढऱ्या फडक्यावर घासला तर फडक्याला एक डाग लागता कामा नये. म्हणून रंगवलेलं सूत आम्ही धुवायचो, परत धुवायचो, रंग सुटायचा थांबेपर्यंत धुवायचो. सुटलेला रंग जायचा कुठं? मागच्या नाल्यात. आज कुठल्या रंगाची ऑर्डर चालू आहे, ते वस्तीतल्या बाया नाला बघून सांगायच्या. आणि नाल्यापासून पन्नास पावलांवर वस्तीचा हापसा.

नळाला पाणी चार-पाच दिवसांनी यायचं. मधल्या दिवसांत हापसाच.

एकदा माल घेणारा परदेशी साहेब आला. बरोबर भाषा सांगणारी बाई. साहेब माणूस चांगला होता, वाईट बोलणार नाही. म्हणाला, आमच्या गावातही रंगाचे कारखाने होते, नदी रंगीत वाहायची. मग कायदा झाला, कारखाने बंद झाले. आता नदीत मासे आलेत, माझी नात पोहते. त्याला लई आनंद होता त्याचा. मी विचारलं नाही, की साहेब, टॉवेल तर तुम्हाला अजून लागतात, मग ते रंगीत पाणी गेलं कुठं? विचारायचं काय त्यात — पाठीमागं वाहत होतं की.

जाताना त्यानं माझ्या निळ्या रंगाचं कौतुक केलं आणि हात पुढं केला. माझा हात तसला. तरी त्यानं धरला. मग म्हणाला, वस्तीच्या हापशाचं पाणी तपासायला न्यायचंय, ते चांगलं निघालं तरच ऑर्डर पुढं.

कारखान्याच्या शेटनं रिकामी बाटली माझ्या हातात दिली. "कुटलं भरायचं ते तुला कळतंय," म्हणाला. बास.

कळत होतं. रंगाऱ्याला पाणी जिभेवर कळतं. हापशाचं पाणी तुरट झालेलं, गिळल्यावर जीभ चरचरायची. आम्ही सुतालासुद्धा ते वापरत नव्हतो — त्यात रंग नीट बसायचा नाही, म्हणून टँकर मागवायचो. सुताला चालत नव्हतं ते वस्ती पीत होती. आणि मी गप्प होतो.

मी घरी गेलो. सुंदराला म्हणालो, पाहुण्याला पाणी पाहिजे. तिनं हंड्यातलं नळाचं पाणी धुतल्या फडक्यातून दोनदा गाळून बाटली भरली. "लांबनं आल्यालं मानूस, पोट नाजूक असंल," म्हणाली. मी ती बाटली नेऊन दिली — हापशाची म्हणून.

पोटासाठी केलं म्हणू का? माझी नोकरी गेली असती, वीसेक माणसांची गेली असती. खरं आहे. पण ते बाटली देताना माझ्या मनात नव्हतं. मनात एवढंच होतं, की ज्यानं माझा हात धरला त्याच्यापुढं माझा रंग वाईट ठरायला नको.

कागद आला. पाणी चांगलं. शेटनं वस्तीत वाचून दाखवला. तोवर सुंदरा हापशाचं पाणी उकळून, नाक मुरडून प्यायची. त्या दिवसापासून तिनं उकळणं सोडलं. नळाचं सगळं माझ्यासाठी ठेवायला लागली. "तुमी दिसभर वाफंत उभं ऱ्हाता, तुमाला गोड पानी पायजे. माझं काय, मी तपासल्यालं पिते." हसायची वर. मी नको म्हणालो का? म्हणालो, एकदोनदा, हलक्या आवाजात. जो ऐकलाच पाहिजे असा आवाज नव्हता तो.

अशी अकरा वर्षं.

मग तिचे पाय सुजले. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं गेली. त्यांनी विचारलं, घरी पाणी कुठलं पिता? मी पटकन म्हणालो, "नळाचं." सुंदरा बिछान्यावरून म्हणाली, "न्हाय ओ डॉक्टर, हापशाचं. पर ते चांगलं हाय, फारेनच्या लोकांनी तपासलंय." डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी हो म्हणून मान हलवली. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला.

पाण्यानंच गेली का ती? मला सांगता येत नाही. तपासणार कोण? तपासायचं तेच मी बदललं होतं. पुढं कारखाना बंद पडला — तिकडच्यांना अजून स्वस्त कुठंतरी सापडलं म्हणं. हापसाही आटला. आता वस्तीला टँकर येतो.

पण सांगायचं होतं ते रिक्षातलं. दवाखान्यातून येताना ती माझ्यावर रागावली. "अवं, डॉक्टरला खोटं कशापायी बोलला? नळाचं म्हणं! गरिबाची लाज वाटती व्हय तुमाला, ह्या वयात?" मी म्हणालो, "चुकलं." तिनं माझ्याकडं बघितलं, आणि माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "जाऊ द्या. परत बोलू नगा."

मी ती माफी घेतली. तिनं ती कशाची दिली आणि मी कशाची घेतली, हे मला त्याच क्षणी माहीत होतं. त्यानंतर ती आठ महिने होती. रोज शुद्धीवर, रोज बोलत. मी सांगितलं नाही.